कॉम्प्युटर जोडून घेताय? 'आय७'चं स्टिकर नंतर, आधी मदरबोर्ड आणि रॅम बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ?" मी शाळेत शिकवतो, दुकान चालवत नाही. पण आपल्याकडे मास्तरला सगळं माहीत असतं, असा लोकांचा समज आहे आणि त्या समजापायी माझ्या हातून एक चूक झाली. आधी तीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. ते स्कूल व्हॅन चालवतात. भिशीचा नंबर लागला होता, पैसे हातात होते आणि ते दुकानातूनच बोलत होते. "सर, दुकानवाला आय७ बोलतोय. फुल सेट बावीस हजारात. घेऊ का?" मी तासाच्या घाईत होतो. म्हणालो, "आय७ म्हणजे चांगलाच असतो. घ्या भाई."

मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला होती. सहा महिन्यांत अँड्रॉइड स्टुडिओ शिकायची वेळ आली आणि कॉम्प्युटरने मान टाकली. एक रविवारी त्यांच्या घरी जाऊन मी कॅबिनेट उघडलं. आत एच६१ चिपसेटचा बोर्ड होता. हा चिपसेट २०११ चा. त्यावर बसवलेला आय७-२६०० सुद्धा २०११ चाच. डीडीआर३ ची ८ जीबीची एकच पट्टी होती आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पट्टी लावली की मशीन सुरूच होत नव्हतं. म्हणजे रॅम वाढवता येत नव्हती, नवा प्रोसेसर बसत नव्हता, विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नव्हतं. स्टिकर खोटं नव्हतं, आय७च होता. पण बारा वर्षं जुना.

त्या दिवशी दुकानदारापेक्षा मला माझाच जास्त राग आला. कष्टाच्या पैशाचा प्रश्न विचारला होता आणि मी न बघता उत्तर दिलं होतं. त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. जे समजलं ते पालकांसाठी आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुलांसाठी लिहितोय.

बोर्ड म्हणजे घराचं जोतं

घर बांधताना जोतं किती मजल्यांचं घातलंय, यावर पुढे वर मजला चढवता येईल की नाही हे ठरतं. मदरबोर्डचंही तसंच. कोणता प्रोसेसर बसेल, कोणत्या पिढीची रॅम लागेल, किती पट्ट्या लावता येतील, किती एसएसडी बसतील, हे सगळं बोर्ड ठरवतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी पुढे बदलता येतात. बोर्ड बदलायचा म्हटलं की बहुतेक वेळा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. म्हणून मधल्या बजेटमध्ये सगळ्यात जास्त विचार इथे करायचा.

रॅमसाठी मला दस्तरखानाची उपमा पटते. एसएसडी किंवा हार्डडिस्क म्हणजे कपाट, तिथे सामान साठवलेलं असतं. जेवायला बसताना जे लागतं ते दस्तरखानावर येतं. दस्तरखान लहान असेल तर एक पातेलं उचलून आत ठेवायचं आणि मग दुसरं आणायचं. कॉम्प्युटर 'हँग' होतो तेव्हा बऱ्याचदा आत ही उचल-ठेव चालू असते. प्रोसेसर कितीही तगडा असला तरी तो ताटकळतच बसतो.

पहिला प्रश्न: सॉकेट कोणता?

प्रोसेसर बोर्डवर ज्या खाचेत बसतो ती सॉकेट. कुलूप-किल्लीसारखं हे नातं असतं, एकाची दुसऱ्याला लागत नाही. मधल्या बजेटमध्ये आज साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला, एएमडीचा एएम४. हा सॉकेट २०१६ मध्ये आला आणि त्याला फक्त डीडीआर४ रॅम लागते. बी५५० किंवा ए५२० चिपसेटचा बोर्ड आणि रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर ही यातली नेहमीची जोडी. यात सहा कोर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. तोटा एवढाच की हा रस्ता शेवटाला आलाय. पुढे याच बोर्डवर आठ कोरचा किंवा त्याहून मोठा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येईल, पण त्याच्या पुढच्या पिढ्या बसणार नाहीत. घरात डीडीआर४ रॅम आधीच असेल तर हा रस्ता अजूनही फायद्याचा.

दुसरा, इंटेलचा एलजीए१७००. यावर इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. आय५-१२४०० हा घरगुती कामाला भरपूर आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत, काही डीडीआर५ चे. बी७६० नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतो. डीडीआर४ वाल्याच्या नावात बहुतेक वेळा 'डी४' किंवा 'डीडीआर४' असं असतं. बिलावर नुसतं 'बी७६०' लिहून चालत नाही, पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

तिसरा, एएमडीचा एएम५. हा २०२२ मध्ये आला आणि याला फक्त डीडीआर५ लागते. ए६२० आणि बी६५० हे यातले परवडणारे चिपसेट. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही या सॉकेटसाठी प्रोसेसर देत राहू, असं एएमडीने जाहीर केलंय. आज रायझन ५ ७६०० घेतला आणि चार वर्षांनी मोठा प्रोसेसर बसवायचा झाला, तर बोर्ड आणि रॅम तीच ठेवता येण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त.

माझं मत विचाराल तर: सगळं नव्याने घ्यायचं असेल आणि मुलाचं शिक्षण अजून चार-पाच वर्षं चालणार असेल, तर एएम५. हातात पैसा अगदी मोजका असेल किंवा जुनी रॅम असेल, तर एएम४ किंवा डीडीआर४ वाला इंटेल.

इंटेलच्या नावापुढचं 'एफ' अक्षरही बघा. आय५-१२४००एफ मध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. थोडे पैसे वाचले म्हणून हा घेतलेले आणि मग कार्ड शोधत फिरणारे पालक मी पाहिलेत.

बोर्डवर काय मोजायचं?

रॅमचे स्लॉट: सगळ्यात स्वस्त बोर्डांवर दोन असतात. इंटेलच्या एच६१० वर दोनच. चार स्लॉट असले तर पुढे वाढवायला जागा राहते, विशेषतः डीडीआर४ मध्ये.

एम.२ स्लॉट: एनव्हीएमई एसएसडी इथे बसते. किमान एक हवाच, दोन असतील तर उत्तम. पहिली एसएसडी भरली की काढून टाकावी लागत नाही.

वीज पुरवणारा भाग: प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी चौकोनी काळे तुकडे दिसतात, ते प्रोसेसरला मापून वीज देतात. त्यांच्यावर धातूचा हीटसिंक आहे का ते बघा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर चालवायचा असेल तर हा धातूचा तुकडा महत्त्वाचा. प्रोसेसर ६५ वॅटचा घेतलात तर मधला बोर्ड आरामात पेलतो.

बायोस: बोर्ड दुकानात वर्षभर पडून असेल आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. सगळं नवं असूनही स्क्रीन काळी राहते. सुरुवातीच्या काळातल्या बी५५० वर ५६००जी बसवताना किंवा जुन्या बी६५० वर रायझन ८००० आणि ९००० मालिका बसवताना असं होतं. उपाय सोपा आहे, बायोस अपडेट. काही बोर्डांवर पेन ड्राइव्हने, प्रोसेसर न लावताही, अपडेट करायचं बटण असतं. नसेल तर दुकानदाराकडूनच करून घ्या.

आकार: मायक्रो एटीएक्स बोर्ड २४.४ बाय २४.४ सेंटिमीटरचा असतो. घरच्या कामाला तो पुरतो आणि कॅबिनेटही लहान चालतं.

रंगीत दिव्यांना मात्र पैसे देऊ नका. दिव्यांनी प्रोग्राम लवकर चालत नाही.

रॅम किती घ्यायची?

इनपेजवर उर्दू टायपिंग, वर्डमध्ये मराठी अर्ज, टॅली, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर ८ जीबीत भागतं, पण ओढून-ताणून. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर ते या रॅममधूनच आपला वाटा घेतं, हे विसरू नका. कोडिंग शिकणाऱ्यासाठी १६ जीबी ही आज सुरुवात समजा. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर त्याहून कमी नकोच. व्हिडिओ एडिटिंग किंवा त्रिमितीय डिझाइन असेल तर ३२.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि कारखाने तिकडे वळले आहेत. डीडीआर४ बनवणं मोठ्या कंपन्या कमी करत असल्याने तीही स्वस्त राहिलेली नाही. म्हणून ३२ चा हट्ट धरून बाकी सगळं हलकं घेण्यापेक्षा, १६ वर सुरू करून वाढवायला जागा ठेवणं शहाणपणाचं.

एक पट्टी की दोन?

स्वयंपाकघराला दोन दारं असली तर वाढणारे दोघं एका वेळी ताटं घेऊन येऊ शकतात. बोर्डवर मेमरीची अशी दोन दारं असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एकच पट्टी लावली तर एक दार बंद राहतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा नेऊ शकते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर ५१.२ जीबी. टायपिंगला हा फरक जाणवत नाही. पण ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर व्हिडिओ, गेम, डिझाइन यांत चांगलाच जाणवतो.

मग १६ जीबी कशी घ्यायची? डीडीआर४ आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर आज ८ च्या दोन, पुढे आणखी ८ च्या दोन. डीडीआर५ मध्ये जरा वेगळं आहे. चार पट्ट्या लावल्या की वेग खाली येतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चार पट्ट्यांना ३६००. म्हणून डीडीआर५ मध्ये दोनच पट्ट्यांचा विचार करा. पुढे नक्की ३२ लागणार असतील आणि आज पैसे कमी असतील, तर आज १६ ची एक आणि नंतर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी. मधल्या काळात ग्राफिक्स थोडं मंद चालेल, हे कबूल करूनच घ्या. १६ मध्येच भागणार असेल तर ८ च्या दोन.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. शेजारी-शेजारी लावल्या की दुसरं दार बंदच राहतं. हा गोंधळ मी असेंबल केलेल्या कितीतरी मशीनमध्ये पाहिलाय.

आणि डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची अदलाबदल होत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

वेगाचा आकडा आणि थोडं गणित

पट्टीवर ३२००, ५६००, ६००० असे आकडे असतात. सोबत सीएल१६, सीएल३० असंही लिहिलेलं असतं. पहिला आकडा मोठा असलेला चांगला, दुसरा लहान असलेला. दोन्ही एकत्र बघायला एक सोपं गणित आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदात येतं, म्हणजे पट्टी उत्तर द्यायला किती वेळ लावते ते.

डीडीआर४-३२०० सीएल१६: १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० सीएल३०: तेही १०. डीडीआर५-५६०० सीएल४६: सुमारे १६.४. म्हणजे 'डीडीआर५ आहे' एवढ्यावर खूश होऊ नका. पण घरच्या कामासाठी या दोन-चार नॅनोसेकंदांवर जास्त पैसेही ओतू नका. आधी जीबी पुरेसे, मग दोन पट्ट्या, मग वेग, या क्रमाने चला.

पट्टीवर लिहिलेला जास्तीचा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर 'एक्सएमपी' आणि एएमडीवर 'एक्स्पो' चालू करावं लागतं. इंटेलचा एच६१० बोर्ड मात्र ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ देत नाही, तिथे महाग पट्टी घेणं वाया. एएम५ मशीन पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून बटण बंद करू नका.

पैसे द्यायच्या आधी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडं धान्य आतून ओलं निघालं. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. दोष झाकून माल विकू नये, हा त्याचा धडा विक्रेत्याला आहे. पण गिऱ्हाईकानेही हात आत घालून बघावा, असं मला त्यातून वाटतं. कॅबिनेट हा असाच ढीग आहे. वरून काच आणि दिवे चमकतात.

म्हणून दुकानात, मग ते तुमच्या तालुक्यातलं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, एवढं करा:

१. बोर्ड आणि रॅमचे सीलबंद खोके समोर उघडायला सांगा. रिकामे खोके घरी न्या.
२. बोर्डच्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण आहे का बघा. एलजीए१७०० आणि एएम५ मध्ये बारीक पिना बोर्डवरच असतात. वाकलेली पिन वॉरंटीत सहसा येत नाही.
३. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. किती जीबी, किती वेग, किती स्लॉट वापरले, सगळं तिथे दिसतं. प्रोसेसरचं पूर्ण नाव 'सीपीयू'खाली दिसतं. 'आय५' एवढ्यावर थांबू नका, पुढचा आकडा वाचा.
४. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्चं बिल घेतलं तर वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात.
५. जुना माल घेणं गुन्हा नाही. पण तो जुना म्हणून आणि जुन्याच्या भावात मिळाला पाहिजे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यामुळे विंडोज ११ ला न चालणाऱ्या जुन्या मशीन बाजारात स्वस्तात येत आहेत. अशा वेळी तिसरा मुद्दा जास्त जपा.

व्याजाशिवाय, टप्प्याटप्प्याने

बरेच पालक सगळं एकदम घ्यायचं म्हणून हप्त्यांच्या कर्जात शिरतात आणि वर व्याज भरतात. चांगल्या बोर्डचा खरा फायदा इथेच आहे. जोतं नीट असलं की बाकी सवडीने घेता येतं.

त्या मुलीच्या घरी आम्ही तेच केलं. पुढच्या भिशीला चार स्लॉटचा बी५५० बोर्ड, ५६००जी, ८ च्या दोन पट्ट्या आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला. स्क्रीन, कीबोर्ड, कॅबिनेट आणि एसएसडी जुनीच ठेवली. एक रुपयाही व्याजाचा गेला नाही. गेल्या वर्षी ईदीचे पैसे जमवून तिने आणखी दोन पट्ट्या लावल्या, भाव चढायच्या आधी. स्लॉट मोकळे होते म्हणून ते जमलं. आता तिचा धाकटा भाऊही त्याच मशीनवर शिकतोय.

जुना एच६१ बोर्ड मी मागून घेतला. तो माझ्या वर्गातल्या कपाटात आहे. नववीच्या मुलांना सॉकेट आणि स्लॉट दाखवायला काढतो आणि त्या फोनची गोष्टही सांगतो.

तुमच्या ओळखीत कोणी या सुट्टीत कॉम्प्युटर घेणार असेल तर दुकानात जाण्याआधी हे त्यांना वाचायला द्या. अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारं इल्म देवो आणि आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.